सोळा घरांत तीन

ड्रम सिक्वेन्सरच्या पुढच्या पट्टीवर ओळीने सोळा बटणे असतात. एक बटण म्हणजे एक स्टेप, तालातले एक घर. चार बीटचा एक बार आणि प्रत्येक बीटचे चार समान भाग, असे हे सोळा. बटण दाबले की दिवा लागतो आणि निवडलेले वाद्य दर फेरीत त्या घराशी वाजते. १, ५, ९, १३ या घरांवर किक, ५ आणि १३ वर स्नेअर, ३, ७, ११, १५ वर उघडी हाय-हॅट ठेवली की डिस्कोचा ठेका तयार होतो. त्याला दोन मिनिटे लागतात आणि गुरूकडे जावे लागत नाही.

अडचण येते ती तिनाची. चाराला तिनाने भाग जात नाही, सोळालाही जात नाही. एका बीटमध्ये तीन समान आघात हवे असतील, म्हणजे ज्याला ट्रिप्लेट म्हणतात ते, तर पहिला आघात पहिल्या घरात नेमका बसतो; दुसरा दुसऱ्या आणि तिसऱ्या घरांच्या मध्ये पडतो आणि तिसरा तिसऱ्या आणि चौथ्या घरांच्या मध्ये. मिनिटाला १०० बीट अशी लय धरली तर हिशेब सोपा होतो. एक बीट ६०० मिलिसेकंदांचा. सिक्वेन्सरची घरे ०, १५०, ३०० आणि ४५० वर. ट्रिप्लेटचे आघात ०, २०० आणि ४०० वर. दोन्ही अडलेले आघात जवळच्या घरापासून ५० मिलिसेकंद दूर आहेत. एवढे अंतर कानाला सहज कळते. जवळचे घर धरून १, २, ४ अशी बटणे दाबली तर तयार होतो तो वेगळाच, धडपडणारा ताल.

नवशिका प्रोग्रॅमर आणखी एक चूक हमखास करतो. तीन हवेत म्हणून तो तीन-तीन घरांच्या अंतराने १, ४, ७ अशी बटणे दाबतो. ऐकायला ते छान लागते, कारण ३+३+२ ही लॅटिन अमेरिकेतल्या आणि पुढे जगभरच्या नृत्यसंगीतातली फार जुनी रचना आहे. पण ती ट्रिप्लेट नव्हे. तिच्यात बीटचे चारच भाग आहेत, फक्त आघात त्या भागांवरून तिरके चालत जातात. ट्रिप्लेटमध्ये बीटचे तुकडेच वेगळे पडतात.

तबला ऐकणाऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बीट म्हणजे मात्रा मानली तर सोळा घरांची पट्टी ही कायमची चौगुण आहे आणि ट्रिप्लेट म्हणजे तिगुण. कर्नाटक संगीताच्या भाषेत पहिली चतुस्र, दुसरी तिस्र. तोंडाने ‘तकधिमि तकधिमि’ म्हणत असताना टाळीचा वेग न बदलता ‘तकिट तकिट’वर यायचे, एवढाच हा प्रकार. एक सावधगिरी मात्र हवी. सोळा घरे पाहून तीनताल आठवतो, पण सिक्वेन्सरचे घर म्हणजे मात्रा नव्हे; तिथे मात्रा चारच आहेत आणि घरे त्यांचे पाव-पाव भाग.

सोळाचा आकडा आला कुठून

ताल वाजवणारी यंत्रे पहिल्यापासून सोळा घरांची नव्हती. अमेरिकेत वुर्लिट्झर कंपनीने १९५९ मध्ये ‘साइडमन’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या पोटात मोटारीवर फिरणारी चकती होती आणि विजेचे संपर्कबिंदू जिथे असतील तिथे आवाज उमटे. चकतीवर बिंदू कुठेही बसवता येतो, म्हणून वॉल्ट्झचे तीन आणि फॉक्सट्रॉटचे चार हे तिला सारखेच. ठेके कारखान्यातच ठरलेले असत, ग्राहकाने फक्त निवडायचे. पुढच्या काळातल्या ऑर्गनसोबतच्या ताल-पेट्यांतही ‘वॉल्ट्झ’, ‘शफल’, ‘स्लो रॉक’, ‘स्विंग’ अशी बटणे असत, आणि हे ठेके तिनाच्या घरचेच.

वापरणाऱ्याने स्वतः ठेका लिहायचा म्हटल्यावर स्मृती आली आणि मोजणी आली. अंकी मंडलांना दोनच्या पटीत मोजणे सोयीचे: दोन, चार, आठ, सोळा. रोलंड कंपनीच्या १९७८ च्या सीआर-७८ मध्ये ठरलेल्या ठेक्यांबरोबर स्वतःचे ठेके साठवायची थोडी सोय होती. १९८० च्या टीआर-८०८ ने सोळा रंगीत बटणांची ओळ समोर मांडली आणि ती मांडणी यंत्राची ओळखच बनली. ८०८ लवकरच मुंबईतही पोहोचले. चरणजित सिंग यांनी १९८२ च्या ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या अल्बममध्ये ८०८ आणि टीबी-३०३ हा बास-सिंथेसायझर यांच्या साथीने राग वाजवले. नावातच डिस्को असल्याने तिथे तिनाला फारसे काम नव्हते.

पण ८०८ बनवणाऱ्यांना तिनाचा विसर पडला नव्हता. यंत्रावर स्केल ठरवणारा चार जागांचा एक खटका आहे. दोन जागा दुप्पट-चौपट हिशेबाच्या, म्हणजे बीटला चार घरे किंवा आठ घरे. उरलेल्या दोन तिनाच्या, म्हणजे बीटला तीन घरे किंवा सहा घरे. बीटला तीन घरे हे स्केल निवडले की चार बीटच्या बारला बाराच घरे पुरतात. शेवटचे घर बारावे ठरवून टाकायचे आणि उरलेली चार बटणे रिकामी सोडायची. १९८३ च्या टीआर-९०९ वर आणि नंतरच्या असंख्य यंत्रांवर हीच सोय थोड्याफार फरकाने मिळते. बहुतेक यंत्रांत ती मेनूच्या आत दडलेली असते आणि बहुतेक मालक तिथवर जात नाहीत.

बारा घरांची वही

बीटला तीन घरे असताना बीटची सुरुवात १, ४, ७ आणि १० या घरांवर येते. हे चार आकडे पाठ झाले की निम्मे काम संपते, कारण सोळा घरांची सवय असलेला हात आपोआप ५ कडे जातो. संथ ब्लूज किंवा पन्नाशीच्या दशकातल्या रॉक अँड रोलचा ठेका असा लिहितात: हाय-हॅट बाराही घरांवर, किक १ आणि ७ वर, स्नेअर ४ आणि १० वर. जुन्या ताल-पेट्यांवरचा ‘स्लो रॉक’ तो हाच. हाय-हॅट सगळीकडे सारख्या जोराने वाजली तर ठेका शिवणयंत्रासारखा लागतो. १, ४, ७, १० वर जोर देऊन मधली घरे निम्म्या जोराची केली की तो चालू लागतो.

याच ठेक्यातून प्रत्येक बीटमधले मधले घर काढले की शफल होतो. हाय-हॅट आता १, ३, ४, ६, ७, ९, १०, १२ वर. लांब-आखूड, लांब-आखूड अशी चाल. लांबाला दोन हिस्से, आखडाला एक. टिअर्स फॉर फिअर्सचे १९८५ चे ‘एव्हरीबडी वॉन्ट्स टू रूल द वर्ल्ड’ किंवा डेपेश मोडचे १९८९ चे ‘पर्सनल जीझस’ याच चालीने जाते. जर्मनीत २००० च्या आसपास टेक्नो संगीतातही ही चाल घुसली. कोलोनच्या कॉम्पाक्ट या लेबलने तिला ‘शाफेल’ म्हटले, इंग्रजी ‘शफल’चा तो जर्मन उच्चार. चार-चार किकच्या जगात दोनास एक अशी चाल ऐकणाऱ्यांना तेव्हा नवलाची वाटली. भावगीतातला दादरा ऐकत वाढलेल्याला तिचे तेवढे नवल वाटू नये.

तिनाचे स्केलच नसलेली यंत्रेही आहेत. तिथे लयीला फसवावे लागते. पॅटर्नची लांबी बारा घरे करायची आणि टेम्पो इष्ट लयीच्या पाऊणपट ठेवायचा. १०० ची लय हवी तर यंत्रावर ७५. त्या टेम्पोत एक घर २०० मिलिसेकंदांचे होते, म्हणजे १०० च्या लयीतल्या ट्रिप्लेटचा नेमका एक आघात. अडचण एवढीच की यंत्राला अजूनही आपण ७५ ने चाललो आहोत असे वाटते, आणि त्याला जोडलेल्या सिंथेसायझरलाही ते तेच सांगते. एलेक्ट्रॉनच्या डिजिटॅक्टसारख्या अलीकडच्या यंत्रांत हीच युक्ती एकेका ट्रॅकपुरती करता येते. ट्रॅकचा वेग पाऊणपट, लांबी बारा घरे, की तो ट्रॅक तिस्र आणि बाकीचे चतुस्र, दोन्ही एकाच बारमध्ये समेवर येणारे. वेग न बदलता फक्त लांबी बारा केली तर वेगळेच काही होते: बारा घरांचा ट्रॅक सोळा घरांच्या ट्रॅकवरून सरकत जातो आणि दोघांची सम अठ्ठेचाळीस घरांनी जुळते. दोन्ही गोष्टी ऐकण्याजोग्या आहेत, पण त्यांत घोटाळा होता कामा नये.

संपूर्ण ठेका सरळ असून मध्येच एखादी तिगुण हवी असेल तर स्केल बदलणे म्हणजे उंदरासाठी घर पाडणे. त्यासाठी रीट्रिग असते: एकाच घरात एका आघाताऐवजी दोन, तीन किंवा चार आघात. अटलांटाच्या ट्रॅप संगीतातली हाय-हॅटची फरफर यावरच उभी आहे. हॅट सरळ चालते आणि बारच्या शेवटी अचानक तिनाच्या हिशेबाने दाटते. ती दाट जागा फार वेळा आली की तिचा चटका जातो. चांगले निर्माते तिला तिहाईसारखी राखून ठेवतात.

चोवीस टिक

यंत्रे एकमेकांशी लय जुळवतात ती घड्याळाच्या ठोक्यांवर. १९८३ मध्ये आलेल्या मिडी पद्धतीत एका बीटला २४ ठोके ठरले, आणि रोलंडच्या आधीच्या जोडणीतही तेवढेच होते. २४ ला चाराने भाग जातो, म्हणून सरळ घराला ६ ठोके. तिनाने जातो, म्हणून ट्रिप्लेटच्या घराला ८. सहाने जातो, म्हणून दाट ट्रिप्लेटच्या घराला ४. सोळा बटणांच्या पट्टीने तिनाला बाहेर ठेवले असले तरी आतल्या घड्याळाने त्याची जागा राखली होती. पाच आणि सात मात्र तिथेही बाहेरच. खंड आणि मिश्र जातीचे तुकडे लिहिणाऱ्याला म्हणूनच संगणकाकडे वळावे लागते, जिथे बीटचे ४८० किंवा ९६० भाग असतात. त्यांनाही पाचाने भाग जातो, साताने जात नाही.

रॉजर लिन यांची खूण

स्विंग हा तिनाकडे जाण्याचा दुसरा रस्ता. त्यात घरे सोळाच राहतात, पण सारखी राहत नाहीत. अमेरिकन गिटारवादक आणि अभियंता रॉजर लिन यांनी १९८० च्या एलएम-१ या यंत्रात तो आणला. खऱ्या ड्रम्सचे अंकी मुद्रण वाजवणारे हे पहिले यंत्र. सुमारे ५०० च बनली, पण आजही बहुतेक सिक्वेन्सरांवर दिसणाऱ्या दोन कळा तिथून आल्या: सैल वाजवलेला आघात जवळच्या घरात ओढून बसवणारी क्वांटाइझ आणि घरेच हलवणारी स्विंग.

कृती अगदी साधी आहे. घरांच्या जोड्या पाडायच्या: १-२, ३-४, ५-६. प्रत्येक जोडीतले पहिले घर जागचे हलवायचे नाही. दुसरे थोडे उशिरा न्यायचे. किती उशिरा, ते टक्क्यांत सांगतात. जोडीच्या एकूण वेळेपैकी पहिल्या घराला मिळालेला वाटा म्हणजे स्विंगचा आकडा. ५० टक्के म्हणजे दोघांना सारखा वाटा, अर्थात सरळ. ६६ म्हणजे पहिल्याला दोन हिस्से, दुसऱ्याला एक, अर्थात ट्रिप्लेटचा शफल. ७५ म्हणजे तीनास एक.

लिन यांच्या यंत्रावर ५०, ५४, ५८, ६२, ६६, ७० अशा पायऱ्या होत्या. हे आकडे गूढ मानून त्यांच्याविषयी पुष्कळ दंतकथा पसरल्या आहेत. प्रत्यक्षात तो चोविसाचा पाढा आहे. जोडीचे २४ बारीक भाग केले तर १२ वा भाग ५० टक्क्यांवर, १३ वा ५४.१७ वर, १४ वा ५८.३३, १५ वा ६२.५, १६ वा ६६.६७ आणि १७ वा ७०.८३. अपूर्णांक टाकले की पाटीवरचे आकडे उरतात. १०० च्या लयीत जोडी ३०० मिलिसेकंदांची असते, म्हणून एक पायरी बरोबर साडेबारा मिलिसेकंदांची पडते. ५८ वर दुसरे घर २५ मिलिसेकंद मागे, ६६ वर ५०. तिनास दोन (६० टक्के) किंवा चारास तीन (५७ टक्क्यांच्या किंचित वर) हे पाच आणि सात भागांचे स्विंग त्या पाढ्यात नेमके सापडत नाहीत, दोन पायऱ्यांच्या मध्ये राहतात.

कानाला मात्र या आकड्यांची चांगली ओळख पटते. ५४ वर ऐकणाऱ्याला स्विंग आहे असे सांगता येत नाही, पण ५० वर परतले की ठेका ताठरला असे जाणवते. ५८ ते ६२ ही मऊ जागा. सरळही नाही, तीनही नाही. तबलजी ज्याला ठेक्याचे वजन म्हणतात ते बरेचसे याच पट्ट्यात राहते. ठेकेदार केहरवा कागदावर सरळ आठ मात्रांचा असतो. हातातून उतरताना त्याच्या मधल्या बोलांना डोल येतो, आणि तो डोल दोनास एक इतका पुरता कधी होत नाही. ६६ च्या पुढे चाल उड्या मारू लागते आणि ७५ ला लष्करी बँडच्या वळणावर जाते.

लिन यांनीच पुढे जपानच्या अकाई कंपनीसाठी १९८८ चे एमपीसी-६० रचले. त्यात बीटचे ९६ भाग आणि स्विंग ५० पासून ७५ पर्यंत. ऐंशीच्या दशकाअखेर न्यूयॉर्कमध्ये टेडी रायली यांच्याभोवती बहरलेल्या न्यू जॅक स्विंगने नावातच हा गुण मिरवला. तिथे हॅट आणि किकची बारीक घरे जवळजवळ पूर्ण ट्रिप्लेटकडे झुकलेली असतात. लंडनच्या यूके गराजनेही नव्वदच्या दशकात तेच झुकलेले सोळा १३० च्या वेगात पळवले. दोन्हीचा मूळ हिशेब लिन यांच्या खटक्याचाच.

स्विंग ऐकू का येत नाही

‘स्विंग ७० केला, काहीच बदलले नाही’ ही तक्रार नित्याची. कारण साधे आहे. स्विंग फक्त सम घरांना हलवतो. सुरुवातीला सांगितलेल्या डिस्कोच्या ठेक्यात एकही आघात सम घरावर नाही: किक १, ५, ९, १३, स्नेअर ५, १३, हॅट ३, ७, ११, १५. हलवायलाच कुणी नाही. हाय-हॅट सोळाही घरांवर टाकली की तोच आकडा लगेच बोलू लागतो.

जॅझचा स्विंग आणि यंत्राचा स्विंग यांत एका पातळीचा फरक आहे, तोही इथेच ध्यानात घ्यावा. जॅझमध्ये बीटचे दोन भाग लांब-आखूड होतात, यंत्रात अर्ध्या बीटचे. यंत्रावर जॅझची राइड झांज लिहायची असेल तर एक उपाय म्हणजे दोन घरांना एक बीट मानणे. टेम्पोचा आकडा निम्मा टाकायचा आणि सोळा घरांत आठ बीट, म्हणजे दोन बार, बसवायचे. झांज मग १, ३, ४, ५, ७, ८ अशी जाते आणि ४, ८ ही सम घरे स्विंगने मागे सरकतात.

किती सरकावीत हे लयीवर ठरते. स्वीडनचे संशोधक अँडर्स फ्रिबर्ग आणि आंद्रेयास सुंडस्ट्रॉम यांनी नामवंत जॅझ ड्रमरांची मुद्रणे मोजून २००२ मध्ये दाखवले की स्विंगचे प्रमाण लयीबरोबर घटत जाते: संथ लयीत ते साडेतीनास एकपर्यंत चढते आणि अतिजलद लयीत एकास एकपर्यंत उतरते. मध्यम ते जलद लयीत आखूड स्वराची लांबी साधारण १०० मिलिसेकंदांच्या आसपास टिकून राहते. म्हणजे बीट ३०० मिलिसेकंदांचा असताना, २०० च्या लयीत, दोनास एक. बीट २०० चा झाला, लय ३०० वर गेली, की सरळ. यंत्रातला आकडा मात्र टेम्पो बदलला तरी तोच राहतो. ९० वर मुरलेला ६२ चा ठेका १३० वर नेला की लंगडतो, आणि दोष ठेक्यात नसून खटक्यात असतो. टेम्पो वाढवला की स्विंग एक-दोन पायऱ्या उतरवावा.

जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. जॅझमधले एकलवादक बीटवरचे स्वर साथीपेक्षा किंचित उशिरा टाकतात, सुमारे ३० मिलिसेकंद, पण बीटच्या मधले स्वर साथीबरोबरच ठेवतात. यंत्राचा स्विंग याच्या बरोबर उलट वागतो: बीट खिळलेला, मधले स्वर मागे. म्हणून फक्त ड्रम्सला स्विंग देऊन जॅझ होत नाही. बास किंवा सुरावटीच्या ट्रॅकमधले बीटवरचे आघात थोडे मागे सरकवून पाहावे लागतात. ही सोय आज बहुतेक सिक्वेन्सरांत ‘नज’ किंवा मायक्रोटायमिंग या नावाने असते.

डेट्रॉइटचे निर्माते जे डिला (मृत्यू २००६) यांचे काम याच सोयीवर उभे आहे, आणि त्यांच्या काळी ती आजच्याइतकी सुलभ नव्हती. त्यांचे एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहास संग्रहालयात आहे. त्यांच्या ठेक्यांत क्वांटाइझ बंद असे अशी समजूत रूढ आहे. डॅन चार्नस यांनी २०२२ च्या ‘डिला टाइम’ या पुस्तकात ती खोडून काढली. त्यांच्या मांडणीनुसार डिला एका वाद्याला सरळ ठेवत आणि दुसऱ्याला डोलवत. स्नेअर किंचित आधी, किक किंचित नंतर. गोंधळ वाटणारी ती चाल मोजून-मापून केलेली होती. एकच स्विंग साऱ्या यंत्राला लागू करणारा खटका असे काही करू शकत नाही; प्रत्येक ट्रॅकला वेगळा आकडा हवा.

पर्डी शफल

स्विंग पुरतो कुठवर आणि तिनाचे स्केल लागते कुठून, याची परीक्षा घ्यायला अर्ध्या लयीचा शफल उत्तम. ड्रमर बर्नार्ड पर्डी यांच्या नावाने तो ओळखला जातो. स्टीली डॅनच्या १९७७ च्या ‘होम अ‍ॅट लास्ट’मध्ये आणि १९८० च्या ‘बॅबिलॉन सिस्टर्स’मध्ये तो त्यांनीच वाजवला आहे. टोटोच्या १९८२ च्या ‘रोझॅना’त जेफ पोर्कारो यांनी त्यावर आपली किक चढवली.

बारा घरांच्या वहीत तो असा उतरतो. हाय-हॅट शफलची: १, ३, ४, ६, ७, ९, १०, १२. मुख्य स्नेअर फक्त ७ वर, म्हणून लय अर्धी भासते. किक १ वर नक्की, आणि पुढची ६ किंवा १२ वर, गाण्याच्या बासप्रमाणे. उरली २, ५, ८, ११ ही ट्रिप्लेटची मधली घरे. शफलमध्ये ती रिकामी असतात. पर्डी तिथे स्नेअरवर अगदी हलके स्पर्श ठेवतात, ज्यांना घोस्ट नोट म्हणतात. मिडीच्या १२७ च्या मापात मुख्य स्नेअर ११५ च्या आसपास असेल तर हे स्पर्श २५ ते ४० मध्ये राहावेत आणि चारही सारखे नसावेत. ते ऐकू येण्यापेक्षा जाणवले पाहिजेत. ते बंद केले तर ठेका उघडा पडतो, मोठे केले तर खडखडतो.

हा ठेका सोळा घरांवर स्विंग ६६ ठेवून लिहायला गेले की यंत्राची मर्यादा उघड होते. स्विंगमध्ये जोडीला जागा दोनच: बीटवरची आणि सरकलेली. म्हणजे ट्रिप्लेटचा पहिला आणि तिसरा आघात मिळतो. दुसऱ्याला घरच नाही. घोस्ट नोट तर नेमक्या तिथेच बसतात. ६६ टक्के आणि ट्रिप्लेट एकच, असे जे सांगितले जाते ते म्हणूनच अर्धे खरे आहे. त्रिकुटाची दोन टोके स्विंगने मिळतात, मधले मिळत नाही.

बारा घरांच्या वहीत स्विंगचा खटका चुकूनही चालू ठेवू नये. तो सम घरे हलवतो आणि इथे ४ आणि १० ही सम घरे बीटची आहेत. दुसरा आणि चौथा बीटच मागे जातो आणि शफल अडखळतो. ट्रिप्लेटच्या ठेक्याला सैलपणा हवाच असेल तर ३, ६, ९, १२ ही घरे नजने थोडी पुढे-मागे करून पाहावीत. ती किंचित आधी आणली की चाल सरळ सोळाकडे झुकते आणि ठेका हलका होतो. मागे ढकलली की जड होतो.

जोडणीतले घोटाळे

दोन यंत्रे जोडल्यावर स्विंगची भानगड वाढते. मिडीच्या घड्याळातून फक्त समान अंतरावरचे २४ ठोके जातात. स्विंगचा आकडा जात नाही. ड्रमचे यंत्र ६२ वर डोलत असते आणि त्याला जोडलेला बासचा सिक्वेन्सर सरळ चालत राहतो. १०० च्या लयीत दोघांच्या सम घरांत साडेसदतीस मिलिसेकंदांची फट पडते आणि ऐकणाऱ्याला वाटते की बासवाला चुकतो आहे. प्रत्येक यंत्रावर तोच आकडा हाताने लावावा लागतो. त्यातही एका कंपनीच्या पाटीवर टक्के, दुसरीच्या पाटीवर १ ते ७ पायऱ्या, तिसरीवर शून्य ते शंभर असतात. अशा वेळी आकडे जुळवण्यात वेळ न घालवता दोन्हीकडे सोळाही घरांवर हॅट टाकून कानाने जुळवणे सोपे. दोन आवाजांचा एक आवाज झाला की जुळले.

डोलणारा ठेका संगणकात ऑडिओ म्हणून मुद्रित केला आणि मग त्या प्रोग्रॅममधला स्विंगही चालू ठेवला, तर सरकलेले घर पुन्हा सरकते. दोन ठिकाणी ५८ म्हणजे ५८ नव्हे. स्विंग एकाच जागी द्यावा आणि मुद्रण करताना बाकीचे सगळे ५० वर आणावेत. लयीला बांधलेल्या प्रतिध्वनीचेही तसेच: ठेका शफलचा असेल तर डिले ट्रिप्लेटवर लावावा. १०० च्या लयीत तो २०० मिलिसेकंदांचा येतो आणि प्रतिध्वनी बारा घरांपैकीच एखाद्यात उतरतो. सरळ सोळाव्या भागावर, १५० वर, लावला तर तो दोन घरांच्या मध्ये पडतो आणि ठेका गढूळ होतो.